रस्त्यांच्या बोली आणि नियमांची प्रमाणभाषा

कोल्हापूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने दिलेली वाहनचालनाची अनुज्ञप्ती गडहिंग्लजला चालते, तशीच गुवाहाटीलाही चालते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या तेराव्या कलमाने ती संपूर्ण भारतभर ग्राह्य ठरविली आहे. (अनुज्ञप्ती हा शब्द जड वाटल्यास वाचकांनी खुशाल ‘लायसन’ म्हणावे; परिवहन कार्यालयाच्या आवारातही अनुज्ञप्ती पाटीवर असते आणि लोकांच्या तोंडी लायसनच असते.) आज सपाट मैदानावर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या चालकाने उद्या आंबा घाट उतरावयाचे ठरविले, तर कायद्याची त्यास हरकत नाही. एकदा चालक ठरला तो सर्वत्र चालक, असे कायद्याने गृहीत धरले आहे. माल आणि माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यावयाची तर ते तसे धरावेच लागते.

लोकमत मात्र याच्या अगदी उलट आहे. प्रत्येक गावाला शेजारच्या गावचे चालक बेशिस्त वाटतात. कोल्हापूरकर पुण्याच्या दुचाकीस्वारांना नावे ठेवतात, पुणेकर कोल्हापूरच्या. मुंबईकर दोघांनाही ठेवतात. गाडीच्या पाटीवर ‘एमएच ०९’ आहे की ‘केए २२’ एवढे पाहून आतल्या माणसाचा स्वभाव ठरवून टाकला जातो. यातील विनोदाचा भाग सोडून दिला तरी प्रश्न उरतोच. प्रदेशाप्रमाणे चालकाच्या कौशल्यात आणि नियमांच्या ज्ञानात खरोखर फरक पडतो काय? आणि पडत असेल, तर तो कोठे जिवावर बेतणारा ठरतो?

आकड्यांचा मोह

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली महाराष्ट्रात ३३,३८३ अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १५,२२४ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी केरळात अपघात अधिक, म्हणजे ४३,९१० झाले. परंतु मृत्यू ४,३१७ होते. आपल्याकडे दर शंभर अपघातांमागे पंचेचाळीसहून अधिक मृत्यू आणि केरळात दहाहूनही कमी. केरळचा चालक आपल्या चालकापेक्षा चौपट कुशल आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो आवरला पाहिजे. केरळात वस्ती जवळजवळ सलग आहे आणि रस्ते अरुंद व वळणावळणाचे आहेत. त्यामुळे वेग घेण्यासच वाव थोडा. जखमीपाशी माणसे लवकर पोहोचतात आणि रुग्णालयही फार दूर नसते. शिवाय किरकोळ अपघातांचीही नोंद जेथे कसोशीने होते, तेथे भाजक मोठा होतो आणि भाजक मोठा झाला की भागाकार लहान होतो, हे शाळेतले गणित आहे. चालकाचे अंगचे कौशल्य मोजणारा रकाना अशा कोष्टकांत नसतो.

म्हणून ‘कोणत्या भागातील चालक चांगला’ हा प्रश्न बाजूस ठेवून ‘कोणत्या भागातील रस्ता चालकाला काय शिकवितो’ हा प्रश्न घेणे अधिक फलदायी ठरेल. भाषेचे उदाहरण घेतल्यास ते स्पष्ट होईल. पुस्तकातील मराठी एक असली तरी कोल्हापूरची बोली निराळी, मालवणची निराळी, बीडची निराळी. बोलणारा आपापल्या मुलखात कोठेही अडत नाही. दोन मुलखांतली माणसे भेटली म्हणजे मात्र एखाद्या शब्दावरून गैरसमज होतो आणि हसून सोडून दिला जातो. रस्त्याचेही असेच आहे. प्रत्येक प्रदेशात रस्त्याची एक बोली तयार होते. भोंगा केव्हा वाजवावा, दिवा कशासाठी लुकलुकवावा, कोणी कोणासाठी थांबावे, हे तेथील चालक एकमेकांना पाहून शिकतात. फरक एवढाच, की रस्त्यावरचा गैरसमज हसून सोडून देता येत नाही.

या अभ्यासाला कोल्हापूर जिल्ह्यासारखे क्षेत्र क्वचितच मिळेल. पश्चिमेस सह्याद्रीचे घाट, पूर्वेस शिरोळ-हातकणंगल्याची सपाट ऊसजमीन, मधोमध जुन्या पेठांचे शहर, शहराच्या कडेने जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८), दक्षिणेस कर्नाटकाची सीमा आणि घाट उतरला की कोकण व पुढे गोवा. रत्नागिरीहून निघालेले वाहन हातखंबा, पाली, साखरपा करीत आंबा घाट चढते. मलकापूर, बांबवडे, वाघबीळ, केर्ली मागे टाकून पंचगंगेपाशी येते. साऱ्या प्रवासास तीन-साडेतीन तास लागतात. एवढ्या वेळात चालकाला समुद्रकाठच्या, घाटाच्या, ऊसपट्ट्याच्या आणि जुन्या शहराच्या अशा चार बोलींतून जावे लागते. गणपतीपुळ्याहून पुण्याच्या प्रवाशांना घेऊन येणारी मिनीबस २६ जानेवारी २०१८ च्या रात्री याच वाटेच्या शेवटी, शिवाजी पुलावरून पंचगंगेत कोसळली आणि १३ जण प्राणास मुकले. एका दुर्घटनेवरून सिद्धांत मांडणे योग्य नव्हे आणि तिची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नाही. अनोळखी रस्त्यावर रात्री किती अंतराचा प्रवास एका दमात करावा, हा विचार मात्र कोल्हापूरकराला त्या पुलावरून जाताना आजही सुटत नाही.

घाटाची बोली

आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा आणि आजऱ्याकडून सावंतवाडीच्या बाजूस उतरणारा आंबोली, हे घाट म्हणजे वाहनचालनाच्या शाळाच आहेत. या मार्गांवर वर्षानुवर्षे राज्य परिवहनाची गाडी चालविणारा चालक वळण दिसण्यापूर्वी भोंगा देतो, चढणाऱ्या वाहनास पाहून आपण आधीच थांबतो आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतो. ‘ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर’ हा धडा त्याला कोणत्या पुस्तकाने दिलेला नाही.

यातील दुसरी गोष्ट हा लेखी नियमही आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. डोंगरी व तीव्र चढाच्या रस्त्यावर दोन वाहने सुरक्षितपणे एकमेकांजवळून जाण्याइतकी रुंदी नसेल, तर उतरणाऱ्याने बाजूस थांबून चढणाऱ्यास वाट द्यावी, असे रस्त्याच्या नियमांविषयीच्या १९८९ च्या विनियमांत होते आणि त्यांच्या जागी आलेल्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही हेच तत्त्व आहे. कारण उघड आहे. भरलेले वाहन चढावर एकदा थांबले की ते मागे न घसरता पुन्हा हलविणे कठीण असते. मैदानी प्रदेशातील चालकाला याची जाणीव नसते. मी उतरतो आहे, माझी गाडी वेगात आहे, तेव्हा समोरच्याने थांबावे, असा त्याचा सरळ हिशेब असतो.

इंधन वाचविण्यासाठी उतारावर गाडी ‘न्यूट्रल’ करणे हीही सपाटीवरून आलेली सवय आहे. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे खेचून धरते. न्यूट्रल केल्यावर सारा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. त्यातच इंजिन बंद केले, तर ब्रेकला साहाय्य करणारी शक्तीही थोड्याच वेळात नाहीशी होते. पाच-सात किलोमीटरच्या घाटात वाचणारे इंधन ते किती! पावसाळ्यात आंब्याला धुके उतरले म्हणजे बाहेरचा चालक दिव्याचा झोत वर करतो. धुक्यावरून परतलेला प्रकाश त्याच्याच डोळ्यांवर येतो आणि होते ते दिसेनासे होते. स्थानिक चालक झोत खाली ठेवतो आणि रस्त्याची कड धरून जातो.

परंतु हाच घाटातला निष्णात चालक शहरात आला की प्रत्येक वळणावर भोंगा वाजवितो. घाटात भोंगा हा शिष्टाचार असतो, रुग्णालयासमोर तोच उपद्रव ठरतो. मालमोटारींच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली निषिद्ध ठरविली, ती यासाठीच. ती अजूनही अनेक वाहनांवर दिसतात, हे वाचक सांगतीलच.

उसाच्या हंगामातील रस्ता

कोल्हापूर जिल्ह्यात खरी परीक्षा नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत असते. या काळात वारणा, बिद्री, कुंभी-कासारी, कागल, शिरोळ, हुपरी अशा सर्व दिशांना उसाची वाहने अहोरात्र धावतात. ऊसतोडीसाठी अहिल्यानगर, तसेच बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर ट्रॅक्टर व बैलगाड्याही येतात. त्यांतला ट्रॅक्टरचालक शेतात तरबेज असतो. ओल्या सरीतून भरलेली ट्रॉली बाहेर काढणे हे काम शहरातल्या कोणाही चालकाला जमणार नाही. परंतु तीच ट्रॉली महामार्गावर आली की तिला पाहणारा चालक दुसऱ्याच मुलखातला असतो.

त्याला काय दिसते याचा विचार करू. समोरून एकच दिवा येतो आहे. अर्थात ती मोटारसायकल आहे, असे तो समजतो. तो असतो एक दिवा गेलेला ट्रॅक्टर आणि त्यामागे दोन ट्रॉल्या. मागून येणाऱ्याची स्थिती याहून वाईट. ट्रॉलीचा मागचा दिवा उसाच्या लोंबत्या पाल्याखाली झाकलेला असतो. परावर्तक पट्टी असली तर तीवर चिखलाचा थर असतो. मोटार जवळ येते तेव्हा पुढे अंधाराहून किंचित गडद असा एक ढीग दिसतो आणि त्या वेळी ब्रेक लावून उपयोग नसतो. ओलांडून जावे म्हटले तर पुढे आणखी एक ट्रॉली आहे हे पहिली ओलांडल्यावर कळते. जुन्या काळी रात्रीच्या बैलगाडीच्या आखाला कंदील टांगलेला असे. त्या कंदिलाचा उजेड तो किती, पण गाडी आहे एवढे तरी तो सांगत असे.

दिव्यांच्या अर्थाचाही घोटाळा येथेच सर्वांत महाग पडतो. महामार्गावरील मालमोटारीचा चालक पुष्कळदा उजवा दर्शक दिवा लुकलुकवून मागच्यास ‘मला ओलांडून पुढे जा’ असे सांगतो. काही भागांत यासाठीच डावा दिवा वापरतात. नियमाप्रमाणे उजव्या दिव्याचा अर्थ एकच आहे, तो म्हणजे मी उजवीकडे वळत आहे. आता कल्पना करा. उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या फाट्यावर उजवीकडे वळण्यासाठी प्रामाणिकपणे उजवा दिवा देतो आणि लांबून आलेला मोटारचालक त्यास महामार्गाच्या बोलीतले आमंत्रण समजून उजवीकडूनच पुढे घुसतो. दोघांनीही खूण केली आणि पाहिली. अर्थ मात्र निरनिराळे लावले. चौकात सरळ जावयाचे म्हणून चारही दिवे लुकलुकविण्याची पद्धत अशीच घातक आहे, कारण बाजूने पाहणाऱ्याला त्यांतला एकच दिवा दिसतो आणि गाडी वळणार असे वाटते.

मोडलेल्या वाहनामागे झाडाची फांदी ठेवणे व चाकाला दगड लावणे, ही खूण मात्र जवळजवळ सर्व देशाला समजते. नियमात यासाठी परावर्तक त्रिकोण सांगितला आहे. रात्री फांदी दिसत नाही, त्रिकोण दिसतो. वाहन दुरुस्त होऊन निघून जाते तेव्हा दगड तसेच रस्त्यावर राहतात, आणि त्या रात्री ते एखाद्या दुचाकीस्वाराच्या वाट्याला येतात.

या हंगामात ट्रॅक्टरवर बसलेला मुलगा अठरा वर्षांचा आहे काय, हेही पाहिले पाहिजे. शेतात बापाच्या शेजारी बसून चौदाव्या वर्षी ट्रॅक्टर शिकलेली मुले खेड्यात पुष्कळ आहेत आणि त्यांचा हात खरोखरच चांगला असतो. परंतु २०१९ च्या सुधारणेनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक वा वाहनमालक यांस दोषी धरले जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड अशी असून वाहनाची नोंदणीही बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. ‘त्याला चालवता येते’ हे उत्तर तेथे चालत नाही.

चौकातील नजरेचा करार

कोल्हापूर शहरातील चौक पाहण्यासारखे आहेत. दसरा चौकात किंवा महाद्वार रोडच्या तोंडाशी गर्दीच्या वेळी उभे राहिले, तर दुचाकी, रिक्षा, पादचारी आणि भाजीची हातगाडी एकमेकांना चुकवीत कशी जातात याचे नवल वाटते. येथे सारा व्यवहार नजरेने होतो. समोरच्याच्या डोळ्यांत पाहावयाचे, तो थांबणार की येणार हे ताडावयाचे आणि पुढे व्हावयाचे. पेठेतल्या माणसांत हा करार बहुधा पाळला जातो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनास किंवा चैत्रात जोतिबाच्या यात्रेस बाहेरची वाहने आली म्हणजे तो मोडतो. मुंबईचा चालक आपल्या मार्गिकेत राहून दिवा हिरवा होण्याची वाट पाहतो. त्याच्या डाव्या बाजूने दोन आणि उजव्या बाजूने तीन दुचाक्या शिरतात. त्याला वाटते, येथे नियमच नाहीत. त्याच्यामागे खोळंबलेल्यांना वाटते, याला गाडीच येत नाही.

लेखी नियम अवघड नाही. मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांस आधी जाऊ द्यावे. इतर चौकांत उजवीकडून येणाऱ्यास वाट द्यावी. वर्तुळाकार चौकात आधीच शिरलेल्या वाहनाचा हक्क पहिला. पादचारी पट्ट्यावर पाऊल पडले की वाहनाने थांबावे. हे पाठ असलेले किती जण आढळतील, याविषयी प्रस्तुत लेखक फारसा आशावादी नाही.

शेजारी आणि नियम

नियम कोणाच्या सोयीने ठरतो, याचे एक मनोरंजक उदाहरण आपल्या शेजारी गोव्यात आहे. पोर्तुगालने १९२८ साली डावी बाजू सोडून रस्त्याची उजवी बाजू धरली. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली होते. परंतु तेथील वाहने डावीकडूनच चालत राहिली, कारण सीमेपलीकडे ब्रिटिश हिंदुस्थानात सर्व वाहने डावीकडून चालत. लिस्बनच्या हुकुमापेक्षा समोरून येणारा शेजारी अधिक महत्त्वाचा ठरला. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी डावी बाजू सोडली, त्यामागेही शेजारच्या देशांतील वाहने उजवीकडून चालतात हे एक मोठे कारण होते.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांस दिव्यांच्या बोलीचा उलटा अनुभव येतो. आपल्याकडे समोरच्याने झोत चमकविला तर ‘मी येतो आहे, थांब’ असा अर्थ होतो. तिकडे तोच झोत ‘तुम्ही आधी व्हा’ असे सांगतो. गंमत अशी, की तेथील अधिकृत नियमपुस्तिकेत दोन्ही अर्थ नाहीत. आपण येथे आहोत हे कळविण्यापुरताच झोत चमकवावा, असे ती सांगते. तेथे वास्तव्यास गेलेल्याला भारतीय अनुज्ञप्तीवर वर्षभर वाहन चालविता येते. नंतर, पूर्वी कितीही वर्षे गाडी चालविलेली असली, तरी नव्याने परीक्षा द्यावी लागते. मोटारीसाठीच्या लेखी भागात ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर यावी लागतात. आपल्याकडे शिकाऊ अनुज्ञप्तीच्या चाचणीत साठ टक्के पुरतात.

परीक्षेत काय तपासले जाते

केंद्रीय नियम साऱ्या देशाला एकच असले तरी परीक्षेचे मैदान राज्यागणिक बदलते. केरळात मोटारीची परीक्षा इंग्रजी ‘एच’ अक्षराच्या आकारातून गाडी पुढे-मागे काढून द्यावी लागते. आपल्याकडे दुचाकीस्वाराचा ‘आठ’ सर्वांच्या परिचयाचा आहे. या दोन्ही आकृत्या हाताची सफाई दाखवितात. रात्र, उतार, धुके, उसाची ट्रॉली यांपैकी काहीही त्यांत येत नाही. महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ अनुज्ञप्तीची चाचणी घरबसल्या देण्याची सोय झाली. खेड्यातील अर्जदाराच्या खेपा त्यामुळे वाचल्या, हे मान्यच आहे. पडद्यासमोर उत्तरे देणारा आणि उद्या चाकामागे बसणारा माणूस एकच असावा, एवढी जबाबदारी मात्र घरातल्यांवर येऊन पडली.

व्यावसायिक चालकासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली काढून टाकण्यात आली. हरियाणातील मेवात भागात हाताला कसब आहे पण शाळेचा दाखला नाही, अशी माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे त्या निर्णयाचे एक निमित्त होते. अक्षरओळख नसलेला नियम कसे शिकणार, अशी शंका तेव्हा घेतली गेली. वस्तुतः रस्त्यावरील चिन्हांची योजनाच अक्षरांवाचून समजावी अशी आहे. लाल कडेचे वर्तुळ बहुधा मनाई करते, त्रिकोण सावध करतो आणि चौकोन माहिती देतो. घाटात मराठीत लिहिलेला ‘सावकाश’ हा शब्द तामिळनाडूच्या चालकाला वाचता येणार नाही, पण त्रिकोणातले नागमोडी वळण त्याला आपल्याइतकेच समजते. ही तीन आकारांची लिपी शिकावयास एक दुपार पुरते.

चालकाला पद्धतशीर शिकविण्याची सोय आपल्या राज्यात नाही असेही नव्हे. पुण्याजवळ भोसरी येथे १९६७ साली स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था या विषयातील देशातील प्रमुख संस्थांपैकी एक आहे. राज्य परिवहनाच्या उमेदवारांना तेथील चाचणीपथावर पारखले गेले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रात हलक्या वाहनासाठी चार आठवड्यांत २९ तासांचा अभ्यासक्रम आहे. त्यांतले २१ तास प्रत्यक्ष वाहनावर आणि ८ तास वर्गात असतात. सामान्य मोटार शाळेत शिकणाऱ्यानेही या तासांपैकी एक तरी रात्रीचा आणि एक तरी चढ-उताराचा मागून घ्यावा. कोल्हापूरकराला त्यासाठी लांब जावयास नको; जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा हाकेच्या अंतरावर आहेत.

हंगामाच्या प्रारंभी परिवहन कार्यालय आणि साखर कारखाने ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमा घेतात. पट्टी लावली जाते. पंधरा दिवसांत तीवर चिखल बसतो आणि ती असून नसल्यासारखी होते. कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ट्रॉल्यांची रांग लागते, चालक खाली उतरून बिडी ओढत तासन्‌तास बसलेले असतात. एक ओले फडके आणि दोन मिनिटे, एवढ्यात मागची पट्टी स्वच्छ होते. लोंबणारा पाला कोयत्याने छाटून दिवा मोकळा करावयास आणखी दोन मिनिटे लागतील.